वडिलांची बारा बोअर, मुलाचं प्रॅक्टिकल शूटिंग आणि कोगनोळी नाका

निपाणीहून तीन प्रश्न आलेत. मुलगा १५ वर्षांचा आहे, व्हिडिओ बघून त्याला पळत पळत निशाण टिपायचं 'प्रॅक्टिकल शूटिंग' शिकायचंय. मुलगी पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला चाललीय, तिकडचे नियम काय? आणि शेवटच्या ओळीत सहज म्हणून: वडील वारून आठ महिने झाले, त्यांची परवान्याची बारा बोअर कपाटात आहे, ती मुलाला सरावाला चालेल का?

आधी कपाट. बाकीचं सावकाश बघू.

परवाना माणसाच्या नावावर असतो, बंदुकीच्या नाही. वडील गेले तेव्हाच तो संपला. आज ती बंदूक तुमच्याकडे विनापरवाना आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. घाबरवत नाही, पण 'दिवाळीनंतर बघू' म्हणण्यातलं हे काम नव्हे. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची. आधी ठाण्यात फोन करा, मग मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन जा. कोल्हापुरात ओळखीचा डीलर आहे म्हणून गाडीत टाकून कोगनोळी नाका ओलांडू नका. परवाना संपलेली बंदूक आणि वर राज्याची हद्द, दोन्ही अंगाशी येतील.

नेण्याआधी बंदूक मोडून, म्हणजे कळ दाबून नळी खाली पाडून, दोन्ही नळ्यांत उजेडाकडे धरून बघा. काडतूस अडकलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. कागदी नळकांड्याची जुनी काडतुसं आपल्या पावसाळ्यात ओल धरून फुगतात आणि चेंबरमध्ये घट्ट बसतात. तसंच असेल तर ठाण्यात तसं सांगा, ते आर्मररकडून, म्हणजे पोलिसांच्या शस्त्र-कारागिराकडून, काढून घेतील. सुटी काडतुसं मोजून द्या आणि पावतीवर तो आकडा लिहून घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर आणि बनावट हवी. जुन्या नळीवरचा कोरलेला ३ आणि ८ गंजामुळे सारखाच दिसतो. नंबर परवान्याशी ताडून मगच सही करा, नाहीतर पुढे वारसाचा अर्ज 'नंबर जुळत नाही' म्हणून परत येतो.

बंदूक ठेवायची असेल तर वारस म्हणून तुमच्या नावाने अर्ज करता येतो. नमुना ए-१, सोबत मृत्यूचा दाखला, वारसा दाखला आणि बाकीच्या सगळ्या वारसांची ना-हरकत. लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली बहीणही वारसच, तिची सही राहिली की फाईल थांबते. निपाणी पोलीस आयुक्तालयात येत नाही, त्यामुळे तुमचा अर्ज बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. बेळगाव शहरातल्यांचा आयुक्तांकडे. कुठे 'बेलगाम', कुठे 'बेळगावी', आधारवर एक स्पेलिंग आणि रेशनकार्डावर दुसरं, हा घोळ आपल्याकडे घरटी आहे. एकच स्पेलिंग ठरवून फरकाचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. जुन्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय शस्त्र-परवाना नोंदवहीतला क्रमांक आहे का तेही बघा. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर वारसानेही तिसरं मिळत नाही, कमाल आता दोनच आहे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, तर जिवंतपणीच वारसाच्या नावावर करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. आधी केलेलं बरं.

'कोडगूवाल्यांना परवाना लागत नाही, मग आपल्याला का?' हे इथे दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. ती सूट कोडवा समाज आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना आहे, सध्या २०२९ पर्यंत. राज्य कर्नाटक असलं तरी निपाणी-खानापूरला तिचा काही उपयोग नाही.

आता मुलाचं. व्हिडिओत जे दिसतं ते बहुतेक आयपीएससी, म्हणजे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या नियमांचा खेळ. १९७६ मध्ये अमेरिकेत मिसूरीतल्या कोलंबिया शहरात ही संघटना उभी राहिली. यात अचूकता, ताकद आणि वेग तिन्ही मोजतात. कागदी निशाणाला ए, सी, डी असे भाग असतात. 'मायनर', म्हणजे कमी ताकदीच्या गटातल्या, काडतुसाला ए चे ५, सी चे ३, डी चा १ गुण. चुकलेली गोळी वजा १०, आणि ज्यावर मारायचं नाही त्या निशाणावर लागली तरी वजा १०. एकूण गुणांना सेकंदांनी भागलं की हिट फॅक्टर. समजा ६ निशाणं, १२ गोळ्या. एकाने ९ ए आणि ३ सी मारले, ५४ गुण, वेळ १०.८ सेकंद: हिट फॅक्टर ५.००. दुसरा १.३ सेकंद आधी संपवतो, ९.५ सेकंदांत, पण ९ ए, २ सी आणि एक हुकलेली: ४१ गुण, हिट फॅक्टर ४.३२. पळणाऱ्यापेक्षा न हुकणारा जिंकला. व्हिडिओत हे कळत नाही, तिथे फक्त पळणं दिसतं.

आता अडचण बघा. ताकद मोजतात ती पॉवर फॅक्टरने: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. मायनरसाठी किमान १२५. १२४ ग्रेनची ९ मिमी गोळी १०५० फुटांनी गेली की १३०.२ होतात, पास. पण ९ मिमी आपल्याकडे सर्वसामान्यांना निषिद्ध बोअर आहे. परवान्यावर मिळतं ते .३२ चं पिस्तूल: ७१ ग्रेन गुणिले साधारण ९०० फूट, म्हणजे ६३.९. निम्म्यावर अडकलं. शिवाय हँडगनच्या स्पर्धेत ९ मिमीहून लहान काडतूस चालतच नाही. म्हणजे बेळगावात कितीही पैसे खर्च केले तरी व्हिडिओतला खेळ जसाच्या तसा उभा राहत नाही. 'प्रॅक्टिकल शूटिंग अकादमी'च्या नावाने कुणी आगाऊ फी मागत असेल तर कुठल्या शस्त्राने आणि कुणाच्या परवान्यावर शिकवणार, हे लेखी घ्या.

मग काय करावं? १० मीटर एअर पिस्तूल. ४.५ मिमी नळी आणि २० जुलांच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. ५.५ मिमीची, म्हणजे दुकानदार ज्याला .२२ ची छर्र्याची बंदूक म्हणतात ती, कमी ताकदीची असली तरी परवान्यात येते. 'सगळेच घेतात' म्हणणाऱ्या दुकानात थांबू नका. खरेदी तुमच्या नावाने, ओळखपत्र देऊन, बिल सांभाळून.

खरेदी करताना बहुतेकजण ताकद विचारतात. निशाणबाजीला ताकद नको. स्पर्धेतलं पिस्तूल ७.५ जुलांच्या आतलं असतं, वजन १५०० ग्रॅमच्या आत, घोड्याचा दाब किमान ५०० ग्रॅम. निशाणाचा काळा भाग ५९.५ मिमी, १० चं वर्तुळ ११.५ मिमी, जमिनीपासून निशाणाचं केंद्र १.४० मीटर. ६० गोळ्यांना ७५ मिनिटं. मुलाला नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक घेऊन दिलीत तर तीन गोष्टी बजावा. छर्रा न घालता घोडा ओढू नये, कारण हवेचा अडसर नसला की पिस्टन थेट आदळतो आणि सील किंवा स्प्रिंग जाते. छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरावी. खटका सुटून नळी मिटली तर बोट सापडतं. आणि भरलेली बंदूक 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणून ठेवू नये.

घरामागे १० मीटर जागा निपाणीत निघते. पण जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर छर्रे मारू नका, उलटून येतात. पाठीमागे वरून पुढे कललेली ४५ अंशांची लोखंडी पट्टी आणि खाली वाळूचा ट्रे असा सापळा करा. सपाट उभी पट्टी छर्रा सरळ डोळ्याकडे पाठवते. डोळ्याला गॉगल, सराव संपला की साबणाने हात धुणे (छर्रे शिशाचे असतात), मगच भाकरीला हात.

पुढचा टप्पा .२२ रायफल किंवा पिस्तूल. १२ ते २१ वयासाठी ज्युनिअर टार्गेट शूटरच्या परवान्याची तरतूद आहे, क्लबच्या देखरेखीखाली. आणि हा खेळ आपल्या पंचक्रोशीला परका नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत कोल्हापूरच्याच. मुलाला पळायचंच असेल तर आधी उभं राहायला शिकू दे. नळी सतत निशाणाकडे आणि हलताना बोट घोड्याबाहेर, ही शिस्त दोन्ही खेळांत सारखीच आहे. आयपीएससीत शस्त्र हातातून पडलं की स्पर्धेतून बाद, दुसरी संधी नाही.

परवान्याचं शस्त्र घेऊन सरावाला हद्द ओलांडायची असेल तर परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. 'कर्नाटक' लिहिलं असेल तर ते कोगनोळीला संपतं, चंदगडकडे जाताना शिनोळीच्या अलीकडे आणि चोर्ला घाटात गोव्याच्या पाटीपाशी. शस्त्र रिकामं, बंद पेटीत, काडतुसं वेगळी. आपल्याकडे दोन राज्यांच्या निवडणुका आणि दोन आचारसंहिता असतात, त्यामुळे नाक्यावरची तपासणी दुप्पट. आचारसंहितेत शस्त्र जमा करायचा आदेश निघाला की खेळाडूंनी क्लबचं पत्र जोडून सुटीचा अर्ज लगेच द्यावा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे.

खानापूरच्यांसाठी थोडक्यात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. पण भीमगड अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत तुमचं गाव असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. जांबोटीकडच्यांनी अर्जाआधी वनखात्यात अंतर विचारून घ्यावं. आणि परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही, ती परवानगी वेगळी.

आता मुलगी आणि परदेश. जर्मनीत आयपीएससी आहे, पण स्वतःचं शस्त्र घ्यायला किमान १२ महिने क्लबची सदस्यता, नियमित सरावाची नोंद आणि ज्ञानाची परीक्षा लागते. २५ वर्षांखाली मोठ्या बोअरसाठी मानसिक तंदुरुस्तीचा दाखलाही. दोन वर्षांच्या एमएसमध्ये पहिलं वर्ष यातच जातं. तिथे पंचकोनातल्या एफ चा शिक्का असलेली ७.५ जुलांपर्यंतची एअरगन १८ नंतर मिळते. ०.५० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटर वेगाने सोडणारी इथली बंदूक १५.६ जुलांची होते. इथे परवान्याशिवाय चालते, तिथे तिला परवाना लागतो. म्हणून घरची एअरगन सामानात पाठवू नका.

तोच छर्रा देशागणिक कायदा बदलतो. इंग्लंडात एअर रायफलला १२ फूट-पौंड (१६.३ जूल) आणि एअर पिस्तुलाला ६ फूट-पौंडांपर्यंत परवाना नाही, स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून प्रमाणपत्र लागतं. ऑस्ट्रेलियात एअरगनलाही परवाना हवाच. कॅनडात ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची नवी खरेदी गोठवलेली आहे, सूट ऑलिम्पिक प्रकारांना, आयपीएससीला नाही.

अमेरिकेचं मुद्दाम सांगतो, कारण आपली जास्त मुलं तिकडे आहेत आणि 'तिथे सगळं मोकळं' हाच समज आहे. एफ-१ (शिक्षण) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू शिकार परवाना. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच धरतात. शनिवारी गंमत म्हणून काढलेला फोटो पुढे ग्रीनकार्डाच्या फाईलमध्ये निघू शकतो.

ठाण्यातली पावती मिळाली की तिच्यावरचा नंबर झाकून इथे टाका, वारसाच्या अर्जाला काय जोडायचं ते बघून सांगतो.