पडून असलेले पाणी नदीला भाड्याने द्यायचे आहे, हक्काचे काय?

प्रश्न: अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ४० एकर ओलिताची जमीन आहे. नदीच्या पाण्याचा हक्क एकरी १/४० क्यूसेक (सेकंदाला घनफूट), हंगामाला एकरी ३ एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच पाणी). त्यातल्या १५ एकराला ३ हंगाम पाणी दिलेले नाही. हा हक्क बुडेल का? ते पाणी नदीतच राहू द्यायचे, अशा भाडेपट्ट्याने देता येईल का? त्या तुकड्याला विहिरीचे पाणी चालेल का?

उत्तर: आधी मुदत पाहा. ओरेगॉनमध्ये सलग ५ वर्षे पाणी वापरले नाही, तर हक्क बुडतो. तुमच्या हातात आता २ हंगाम आहेत. १९८७ च्या कायद्याने नदीत ठेवलेले पाणी हाही उपयुक्त वापरच ठरतो, त्यामुळे भाडेपट्ट्याची वर्षे न वापरल्याची म्हणून मोजली जात नाहीत. हक्काची मूळ तारीखही कायम राहते (टंचाईत जुन्या तारखेच्या हक्काला आधी पाणी मिळते). मात्र बुडालेला हक्क भाडेपट्ट्याने जिवंत होत नाही, म्हणून शेवटच्या ओलिताचे पुरावे (पंपाची वीजबिले, मोजमापाच्या नोंदी, चारा विकल्याच्या पावत्या) शोधून ठेवा.

आता हिशेब. १५ एकराचा प्रवाह ०.३७५ क्यूसेक, म्हणजे सेकंदाला साधारण १०.६ लिटर. हंगामाचा कोटा ४५ एकर-फूट. १ क्यूसेक दिवसभर वाहिले की जवळपास २ एकर-फूट होते. त्यामुळे पूर्ण प्रवाहाने सोडले तर हा कोटा ६० दिवसांत संपतो. तेच पाणी एप्रिल ते ऑक्टोबर पसरवले तर जेमतेम ०.१ क्यूसेक पडते. वसंतात बर्फ वितळून नदी भरलेली असते, तेव्हा तुमच्या पाण्याचा माशांना फारसा उपयोग नाही. माझ्या मते मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर हाच काळ मागावा. सिस्टर्स गावाजवळचा व्हायचूस ओढा उन्हाळ्यात कोरडा पडायचा. तिथे भाडेपट्टे आणि पाटांच्या जागी घातलेले बंद पाइप यांमुळे पाणी पुन्हा वाहू लागले.

यात एक मेख आहे. हक्काची तारीख अलीकडची असेल, तर ऑगस्टमध्ये जुन्या हक्कवाल्यांसाठी तुमचे पाणी तसेही बंद होते. असा भाडेपट्टा कागदावरच राहतो आणि त्याला मोबदलाही कोणी फारसा देत नाही. काही जण तर हक्क राखण्यापुरते पाणी विनामोबदला देतात. म्हणून दर विचारण्याआधी तारीख पाहा.

विहिरीचे पाणी चालणार नाही. भाडेपट्ट्याखालची जमीन त्या काळात पावसावरच राहिली पाहिजे आणि तिच्यावरचा पूरक हक्कही (मुख्य पाणी कमी पडल्यास वापरायचा दुसरा हक्क, जसे विहिरीचा) बंद ठेवावा लागतो. नेमके इथेच लोक फसतात. उघडी जमीन तणाने भरते, म्हणून पाणी तोडण्याआधीच्या हंगामात कोरडवाहू गवत रुजवून घ्या. लसूणघास असेल तर हंगाम विभागून देण्याचा पर्याय विचारा: पहिल्या कापण्यांना पाणी, पुढे बंद. पहिल्या कापणीत पाण्याच्या मानाने उत्पादन चांगले मिळते. पुढे पीक सुप्त होते आणि बहुधा पुन्हा फुटते, पण त्या काळात जनावरांना बुडखे खाऊ देऊ नका. या पर्यायात आधी किती पाणी घेतले, ते मोजून दाखवावे लागते.

अर्ज राज्याच्या जलसंपदा विभागाकडे करायचा. नकाशावर नेमके १५ एकर दाखवा. सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. पाणी सिंचन मंडळाच्या कालव्यातून येत असेल तर त्यांचीही संमती हवी, कारण कालव्यातले पाणी घटले की शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत ते पोचत नाही. एक भाडेपट्टा जास्तीत जास्त ५ वर्षांचा, पुढे नूतनीकरण होते.

मंजुरीनंतर नदीतून पाटात पाणी घेण्याच्या दाराकडे लक्ष द्या. पूर्वी १ क्यूसेक घेत होता, आता ०.६२५ क्यूसेकच घ्यायचे. दार वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या आट्यांवर रंगाची खूण करून भागत नाही, कारण नदीची पातळी चढली की त्याच फटीतून जास्त पाणी येते. पाटात मोजमापाची नाली (फ्लूम) किंवा बांध (वीअर) बसवून पट्टीवरचा आकडा रोज लिहा. दाराखालचे रबर झिजले असेल तर हंगामाआधी बदला.