पुण्याच्या आसपास फोर बाय फोर घेऊन कुठे जावं आणि कुणाबरोबर जावं?

तुम्ही लिहिलंय की नवी जिम्नी, म्हणजे मारुतीची चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी, घेतली आहे, हडपसरला राहता, सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटांवर गाडी चालवायची आणि पाण्याकाठी तंबू ठोकायचा अशी इच्छा आहे. जागा मात्र माहीत नाहीत, आणि ज्यांना माहीत आहेत ते विचारलं तरी लोकेशन देत नाहीत.

ते का देत नाहीत हे आधी सांगतो, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे मोकळी, कुणाचीच नसलेली जमीन नाही. वाट कुणाच्या तरी बांधावरून, कुणाच्या तरी वस्तीशेजारून जाते. दोन गाड्या गेल्या तर कुणी काही म्हणत नाही. पण लोकेशन फिरायला लागलं की पुढच्या रविवारी वीस येतात, बांध फुटतो, कुणीतरी उभ्या ज्वारीत गाडी वळवतो, आणि महिन्याभरात गाव त्या वाटेवर आडवा चर खणून टाकतं. मग वरच्या वस्तीवरच्या दुधाच्या पिकअपलाही वळसा पडतो. ज्याने ती वाट शोधली त्याची त्या गावात ओळख असते, चहापाणी असतं, आणि लोकेशनबरोबर तो ते सगळं पणाला लावत असतो. म्हणून लोकेशन मागत बसू नका, वाट शोधायला शिका. ते अवघड नाही, आणि गाडी चालवण्याइतकीच मजा त्यातही आहे.

सुरुवात पाणंद रस्त्यांपासून, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटांपासून, आणि जुन्या गाडीवाटांपासून करा. प्रत्येक गावाच्या शिवारात त्या असतात आणि भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर दाखवलेल्याही असतात. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. पायमार्ग आपल्यासाठी नाही, तो सोडून द्या. गाडीमार्ग हा वहिवाटीचा रस्ता असतो, त्यावरून जाताना आपण कुणाच्या शेतात घुसलेलो नसतो. मात्र कागदावर रुंद असलेली वाट प्रत्यक्षात अतिक्रमणाने आठ फुटांवर आलेली असते, काही ठिकाणी तर तिच्यात ऊस उभा असतो. तिथे हुज्जत घालू नका. तो गावाचा आपसातला प्रश्न आहे, आपण मागे वळायचं.

नकाशे दोन-तीन तऱ्हेचे एकत्र बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरवर असतात, त्यामुळे चढ किती तीव्र आहे ते घरी बसून कळतं. नकाशावर एका सेंटिमीटरात चार रेषा आल्या तर पाचशे मीटरमध्ये ऐंशी मीटर चढ झाला. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी पण जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये, जिम्नीला तो जड नाही, पण वाट सैल मुरमाची असेल तर उतरताना घाम फुटतो. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या वाटा वेगळ्या दिसतात. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं बघता येतात, तिथे मुद्दाम एप्रिल-मेमधलं चित्र काढा. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे चाकोरी पांढरी उठून दिसते. सलग काही वर्षांच्या चित्रांत चाकोरी ठळक असेल तर वाट वापरात आहे. एकाच वर्षी दिसून पुसली गेली असेल तर ती बहुधा विहिरीच्या किंवा खाणीच्या कामापुरती केलेली होती.

नकाशावर वाट सापडली तरी गाडी घेऊन थेट घुसू नका. आधी एकदा गावात जा, पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसा आणि विचारा. विचारायचं कसं तेही सांगतो. ‘रस्ता चांगला आहे का?’ असं विचारलं तर ‘हो, चांगलाय की’ असंच उत्तर येणार, कारण त्यांची रोजची पायवाट ती. त्यापेक्षा विचारा, ‘काका, वरच्या वस्तीपर्यंत ट्रॅक्टर जातो का? ट्रॉलीसकट जातो का? पाऊस झाल्यावर किती दिवसांनी जातो?’ ट्रॉलीसकट ट्रॅक्टर जात असेल तर तुमची गाडी जाईल. ‘पूर्वी बैलगाडी जायची’ असं उत्तर आलं तर आधी पायी जाऊन या. आणि वाट दाखवायला गावातलाच एखादा मुलगा सोबत घ्या, त्याला दिवसाचे व्यवस्थित पैसे द्या. दुपारचं पिठलं-भाकरी एखाद्या घरी सांगा. पुढच्या वेळी तुम्हाला फाटक उघडायला कुणाला हाक मारावी लागणार नाही.

आता भाग. पुण्याच्या पश्चिमेला मावळ, मुळशी, वेल्हे, भोर. डोंगर, पाणी, झाडी, सगळं आहे. पण इथे बरीच जमीन राखीव वनाची आहे आणि ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाहन जप्त करण्याची तरतूद आहे. शंका असली की वनरक्षकाला किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. सातबाऱ्यावर जमीन कुणाची आहे तेही ऑनलाइन दिसतं.

तुम्ही हडपसरचे, म्हणून पूर्वेबद्दल जास्त लिहितो. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर हा तुमच्या दारातला भाग आहे. मुरमाड माळ, ओढे, टेकड्या, आणि नवशिक्या चालकाला लागतात तसे सौम्य चढ-उतार. फक्त माळ रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा आहे असं समजू नका. हे कळकळीने सांगतोय. या गवताळ माळावर लांडगे आहेत, खोकड आहे, चिंकारा आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीच आहे, आणि कडबनवाडीला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडग्याची बिळं टेकडीच्या कुशीत असतात आणि हिवाळ्यात त्यांत पिल्लं असतात. चाकोरी सोडून माळावर गाडी गोल गोल फिरवण्याचे व्हिडिओ बघितले की मला संताप येतो. कुरणावर उठलेली चाकांची खूण एका पावसात भरून येत नाही. त्या चरातून पाणी वाहायला लागतं आणि पुढच्या वर्षी तिथे घळ झालेली असते. मळलेल्या चाकोरीतच राहा, एवढं पाळलंत तरी पुरे.

सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, मात्र अजिबात नको. कास, चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, असे कातळसडे वरून निव्वळ दगड दिसतात, पण त्या दगडावरच्या दोन बोटं मातीत वर्षातले काही आठवडे जगणाऱ्या वनस्पती आहेत. त्यातल्या काही जगात फक्त सह्याद्रीतच सापडतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि कोकणात वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यामुळे वाळूवर गाडी चालवायची हौस किनाऱ्यावर भागवू नका.

निव्वळ सरावासाठी बंद पडलेली दगडाची खाण उत्तम, अर्थात मालकाची परवानगी काढून. तिथे खडकाच्या पायऱ्या असतात, एक चाक उचललं गेल्यावर गाडी कशी वागते ते कळतं, आणि कुणाचं शेत खराब होत नाही. नदीपात्र टाळा. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि ते माणूस बुडेल इतके खोल असतात.

तंबूसाठी सगळे धरणांच्या पाणीफुगवट्याकडे धावतात. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, खाली उजनी. फेब्रुवारीनंतर पाणी ओसरतं आणि सपाट, मोकळी जमीन उघडी पडते. दिसायला स्वर्ग. पण ती गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची, जमीन असते आणि ती कसायला दिलेली असू शकते, तिथे हरभरा किंवा कलिंगडाचे वेल असतात. दुसरं म्हणजे वरून तडकलेला, कोरडा वाटणारा तो थर पापडासारखा असतो. त्याच्याखाली गाळ ओलाच असतो. आधी पायी जा, टाच जोरात रोवून बघा. टाच रुतली तर गाडी आणू नका. जिम्नी हलकी आहे हा फायदा खरा, पण रुतली की चाकं फिरवत राहिल्याने ती चासिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, टेकते आणि मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. पाण्यापासून लांब, गवत नसलेल्या उंचवट्यावर तंबू टाका. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी मुक्काम नको, विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही.

सगळ्यात निर्धास्त मुक्काम खासगी शेतात होतो. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणल्यापासून शेतावर मुक्कामाची सोय करणारे शेतकरी वाढले आहेत. ‘फक्त तंबूपुरती जागा आणि संडासची सोय द्या, गाडी वरच्या टेकडीपर्यंत नेऊ का?’ असं सरळ विचारता येतं. शेकोटी नेहमी घमेल्यात करा, जमिनीवर नको. होळीच्या आसपास एक ठिणगी अख्खा डोंगर पेटवते, आणि वणवा लावणं हा गुन्हाही आहे. राख थंड करून परत न्या. मुरमात आणि दगडांत फुरसं हा छोटा विषारी साप असतो, म्हणून सकाळी बूट झटकून घाला. निघण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, ते फोन करून विचारून ठेवा.

आता सोबती. मोठे ग्रुप शोधण्याआधी जुन्या जिप्सी आणि जीप दुरुस्त करणारं एखादं गॅरेज शोधा. शहरातल्या खऱ्या ऑफरोडवाल्यांची ओळख तिथे होते. शनिवारी दुपारी गेलात तर कुणाची तरी गाडी खोललेली असते आणि तिच्याभोवती चौघं उभे असतात. दुसरी जागा म्हणजे प्रशिक्षण. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफरोड अकादमी आहे, आणि स्वतंत्रपणे शिकवणारेही आहेत. पैसे देऊन एक दिवस शिका, तिथे भेटणारी माणसं शिकायला आलेली असतात, आणि अशीच माणसं सोबतीला बरी. तिसरी जागा स्पर्धा. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या ऑफरोड स्पर्धा बघायला जा, जमल्यास मदतनीस म्हणून जा. विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि दोर कसे हाताळायचे हे तिथे काठावर उभं राहूनही शिकता येतं.

ग्रुप चांगला की वाईट हे पहिल्या तासात कळतं. निघण्याआधी थांबून लीड कोण, म्हणजे पुढची गाडी कुणाची, शेवटची गाडी कुणाची, हे ठरवतात का? टायरची हवा कमी करायला सांगतात का? मुरमावर आणि खडकाळ वाटेवर वीस पीएसआयच्या आसपास ठेवली की पकड वाढते आणि गाडीही कमी आदळते. डांबरी लागण्याआधी पुन्हा भरायची आणि गाडी टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, आणायची. म्हणजे पंप लागतोच. एका फेरीत पाच-सहा गाड्यांवर ते जातात का? मग बांधाची आणि वस्तीची वाट लागते. दिवसा बाटली उघडतात का? उघडली तर तिथूनच घरी या. आणि अवघड जागा आली की ‘काही होत नाही, घाल’ म्हणणारा जास्त ऐकला जातो, की ‘उतरून बघू’ म्हणणारा? मी तरी दुसऱ्या प्रकारच्याच माणसांबरोबर जातो.

एका गाडीने कधीच जाऊ नका, कितीही सोपी वाट असली तरी. गाडी ओढायचा पट्टा टोइंगच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि माणसं मेलेली आहेत. चासिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच, पेलायचं वजन कोरलेला शॅकल (जोडायची लोखंडी कडी) लावून पट्टा जोडा, पट्ट्यावर मधोमध ओली गोधडी टाका, आणि बघ्यांना पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर पाठवा. बघ्यांत गावातली पोरं असतात आणि ती हटत नाहीत. ती हटेपर्यंत थांबा.

पहिली फेरी नोव्हेंबरच्या शेवटी काढा. मुरूम बसलेला असतो, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी असतं, गवत पूर्ण वाळलेलं नसतं म्हणून आगीची भीती कमी असते, आणि सकाळी थंडी असते. सासवडच्या पलीकडचं एखादं गाव निवडा, आदल्या रविवारी मोटारसायकलवर जाऊन वाट बघून या, आणि दोनच गाड्या न्या. भागाबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, नकाशा कसा वाचायचा ते गावासकट सांगेन.