सीलंट लावायचं ठरवलंय, तर आधी दाढा बघा

मुलाच्या दुधाच्या दाढांमागे साधारण ६व्या वर्षी एक नवी दाढ येते. आधीचा दात पडलेला नसतो, त्यामुळे अनेक आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचे केस आत पोचतच नाहीत. कीड बहुधा तिथूनच सुरू होते. सीलंट म्हणजे दाढेवर लावायचा पातळ संरक्षक थर; तो त्या खाचा बुजवतो. पुढची दाढ १२व्या वर्षाच्या आसपास येते, तेव्हा पुन्हा दाखवा.

इंजेक्शन नाही, सहसा ड्रिलही नाही. दाढ साफ करून जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, मग पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं द्रव्य) पसरवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. सगळी मेख त्या कोरडेपणात आहे. लाळ लागली की सीलंट लवकर निघतो. म्हणून दाढेवर हिरडीचा पदर असेल आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर घाई करू नका. मूल चुळबुळं असेल तर आधीच सांगून ठेवा.

दर तपासणीला सीलंट शाबूत आहे का, विचारा. उडाला तर पुन्हा लावता येतो. आणि हो, दोन दातांमधल्या फटीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे फ्लॉसच, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा. फ्लोराइडची पेस्ट चालूच ठेवा.