लुगडं वर न करता गुडघ्याच्या सुया

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. उभा जन्म खुरपणीत आणि कापूस वेचण्यात गेला, आता दोन्ही गुडघे धरलेत. डॉक्टरांनी झीज सांगितली, पण गोळ्यांनी त्यांना पित्त होतं. इथे एका हॉलमध्ये ॲक्युपंक्चर चालतं. दहा-बारा जण खुर्च्यांवर सोबतच बसतात, फी ज्याला जमेल तशी. एवढ्या स्वस्तात उपचार अर्धवट तर होत नसेल ना? आणि चारचौघांत लुगडं वर करायला आत्या तयार नाहीत.
– एक सून, अहमदपूर

उत्तर : आधी लुगड्याचं. गुडघा दुखतो म्हणून सुई गुडघ्यातच लागते असं नाही. सामूहिक बैठकीत बहुतेक बिंदू, म्हणजे सुई लावायच्या जागा, कोपराखालचे, गुडघ्याखालचे, कानाचे नाहीतर डोक्यावरचे घेतात, ते याचसाठी. परभणीत माझ्याकडे येणाऱ्या नऊवारीतल्या बायका फक्त पोलक्याची बाही सरकवतात. उजवा गुडघा दुखत असेल तर मी बऱ्याचदा डाव्या कोपराच्या घडीपाशी सुई लावतो आणि उजवा पाय हळूहळू वाकवायला सांगतो. शेजारणी तोवर गप्पा मारत असतात, त्यांना मात्र गप्प करावं लागतं.

आता पैशाचं. सुया लावायला पाच-सात मिनिटं लागतात, पुढचा अर्धा तास रुग्ण नुसता पडून असतो. स्वतंत्र खोलीत त्या पडून राहण्याचं भाडंही बिलात येतं, हॉलमध्ये ते वाटलं जातं. सुया त्याच. अमेरिकेत पोर्टलंडच्या एका दवाखान्याने २००२ पासून कष्टकऱ्यांसाठी हीच रीत चालवली. आपल्याकडे लोक ॲक्युपंक्चर म्हटलं की सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचं नाव घेतात. पण ते १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. ही विद्या भारतात आणली ती १९३८ मध्ये कोटणिसांसोबत चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी.

झीज मात्र सुईने भरून येत नाही. दुखणं काहींचं बरंच उतरतं, काहींचं अजिबात नाही. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असंच सुचवलंय. मी रोज सुया लावून पोट भरणारा माणूस, तरी हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा असं सहा-आठ वेळा न्या. फरक नसेल तर थांबा, कोणी कितीही गळ घातली तरी. मांडीचे व्यायाम चालूच ठेवा. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला तर हॉलमध्ये नेऊच नका, सरळ दवाखाना गाठा.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेली सुई जाड डब्यात गेली पाहिजे. ‘तुमच्या सुया तुमच्या नावाने बाटलीत ठेवतो’ म्हणाले तर तिथून उठा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक बेलाशक विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा छातीत पेसमेकर असेल तर सुई लावण्याआधी सांगा. सुयांना करंट जोडायचा असेल तर पेसमेकरवाल्याला तो चालत नाही.

उपाशीपोटी नेऊ नका, भोवळ येते. आत्यांचा चतुर्थीचा उपास असेल तर त्या दिवशीची बैठक पुढे ढकला. पण फराळ करून नेते म्हणू नका, आमच्याकडे फराळ म्हणजे अर्धा कप चहा असतो.