फिलिपिनो पिक्चरमधला 'पो' म्हणजे प्लीज का?

प्रश्न असा आलाय की फिलिपिनो पिक्चर बघताना दर दोन वाक्यांमागे 'पो' ऐकू येतं, सबटायटलमध्ये मात्र त्याचा पत्ता नसतो, मग ते 'प्लीज' आहे का, आणि ही मंडळी मधेच 'हिंदी हिंदी' काय करतात.

हिंदीचं आधी उरकून टाकू. टागालोगमध्ये, म्हणजे या पिक्चरमधल्या मुख्य फिलिपिनो भाषेत, 'हिंदी' म्हणजे 'नाही'. बास. 'हिंदी पो' म्हणजे 'नाही हो'.

आणि 'पो' म्हणजे हाच आपला हो, 'काय हो', 'ऐका हो' मधला, होकारातला नव्हे. विदर्भात 'येतो जी' म्हणतात तो जी तर अजूनच जवळचा. गंमत म्हणजे पोचा जरा कमी औपचारिक भाऊ टागालोगमध्ये चक्क 'हो'च आहे, 'सालामात पो' म्हणा नाहीतर 'सालामात हो', दोन्हीचा अर्थ 'आभारी आहे हो'. योगायोग आहे, उगाच नातं जुळवत बसू नका.

प्लीज नाही हे जीपनीच्या, म्हणजे तिकडच्या लांबलचक जीपसारख्या शेअर गाडीच्या, सीनमध्ये बरोबर कळतं. दोन लांब बाकडी, माणसं समोरासमोर, दार मागे, ड्रायव्हर पुढे. मागचा माणूस 'बायाद पो', 'हे भाडं हो', म्हणत पैसे पुढे करतो, पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात, सुट्टे तसेच मागे येतात. आता तो पैसे देतोय, मागत काहीच नाहीये, मग प्लीज कशाला म्हणेल? उतरायचं झालं की 'पारा पो', थांबवा हो. सोबत सर्वनामही बदलतं, 'का' म्हणजे तू, 'कायो' म्हणजे तुम्ही, म्हणून 'कुमाइन ना पो बा कायो?' म्हणजे 'जेवलात का हो?'

आपण फसतो ते घरातल्या सीनमध्ये. आपण आईला अगं म्हणतो आणि अहो नवऱ्यासाठी राखून ठेवतो (निदान आधीच्या पिढीत तरी), तिकडे नवरा-बायकोत पो सहसा नसतो आणि मनिलाकडची पोरं आईला मात्र 'ओपो, नाय' म्हणतात, 'हो जी आई'. त्यावरून मायलेकीत अंतर आहे असं समजू नका, उलट पोरगी तावातावाने बोलायला लागली आणि पो गळाला की समजायचं बिनसलंय, आणि सबटायटल वाचणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. २००० सालच्या 'आनाक'मध्ये व्हिल्मा सांतोस हाँगकाँगला घरकाम करून परत येते आणि मोठी मुलगी तिच्यावर धुमसत असते, असल्या पिक्चरला कान तिकडे ठेवून बसा.

आणि हो, पो सगळ्यांना आवडतोच असं नाही. 'मला पो नको करू, म्हातारी वाटते' हे तिकडेही चालतं, आपल्याकडे काकू म्हटल्यावर चेहरा पडतो तसंच.

फिलिपिन्समधल्याच सेबू बेटाकडचा पिक्चर असेल तर मात्र पो शोधूच नका, तिथल्या सेबुआनो भाषेत तो नाहीच, तिकडे 'मानोंग' (दादा), 'मानांग' (ताई) अशा हाकांवर भागतं.