टीचर नाही व्हायचं म्हणतेस?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. 'मिस, मला कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय. टीचर नाही व्हायचं.' हे लिहिलंस कोणाला, तर टीचरला! मी हसले, आणि खरं सांगू, जरासं लागलंही. फोनवर लांबलचक टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून हे पत्र.

परदेशी अर्जांचं आधी उरकते. ग्रेड एट या शेवटच्या परीक्षेला आपल्याकडे पेढे वाटतात, बाहेरच्या ऑडिशनला मात्र तिथून सुरुवात होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतसंस्थेत १९२८ पासून कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत, त्यामुळे जागा मोजक्या आणि रांग जगभराची. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. दोन्हीकडे अर्ज कर. बाबा अडून बसले तर मी बोलते त्यांच्याशी.

पण तुझ्या मेसेजमधलं दुसरं वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्या मनात एक शिडी दिसते. वरच्या पायरीवर स्टेजवाले, आणि ज्यांना वर चढणं जमलं नाही ते खाली बसून पोरांकडून स्केल घोटून घेणारे. आपल्याकडे बुवा सकाळी शिष्यांना घेऊन बसतात आणि रात्री मैफल करतात. तुम्ही नक्की गवई की मास्तर, असं त्यांना कोणी विचारत नाही. पियानोतही तेच आहे. बेथोव्हनने चेर्नीला शिकवलं, चेर्नीने लेशेटित्स्कीला, लेशेटित्स्कीने श्नाबेलला, श्नाबेलने लिऑन फ्लायशरला. घराणंच की हे! (चेर्नीने स्टेज लवकर सोडलं, तेवढा अपवाद. हो, तोच, ज्याच्या एट्यूडच्या, म्हणजे बोटांच्या सरावाच्या तुकड्यांच्या, नावाने तू बोटं मोडतेस.)

फ्लायशरची गोष्ट मी तुला मागे अर्धीच सांगितली होती. त्याचा जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. श्नाबेल सोळा वर्षांखालचं मूल घेत नसे. मग ओळखीतल्या एका कंडक्टरने त्याला घरी जेवायला बोलावलं आणि जेवणं चालू असताना या पोराला गुपचूप आत आणून पियानोपाशी बसवलं. श्नाबेल हात पुसत बाहेर येतो तर समोर नऊ वर्षांचा मुलगा! ऐकलं, आणि नियम बाजूला ठेवून घेतलं त्याला. सोळाव्या वर्षी, १९४४ मध्ये, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो वाजवला. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. थोडक्यात, तुला जे हवंय ते सगळं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं ऐक. छत्तिसाव्या वर्षी उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळायला लागली. सरळ करायला गेलं की आणखी वळायची. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. हाड मोडलेलं नसतं, स्नायू फाटलेला नसतो. मेंदूत बोटांचा जो नकाशा असतो त्यातल्या रेषा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे हुकूम एका बोटाला जातो आणि हलतं दुसरंच. त्या काळी कोणाला निदान करता येईना. आणि त्याने आधी काय केलं असेल? रियाज वाढवला. तूही तेच केलं असतंस. मीही.

मग तीसेक वर्षं डावा हात. रावेलने पॉल विटगेनश्टाइनसाठी नुसत्या डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला होता, कारण विटगेनश्टाइनचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. तो कॉन्चेर्टो फ्लायशर गावोगाव वाजवत राहिला. कंडक्टिंगही केलं. आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीतविद्यालयात १९५९ पासून शिकवत होता, ते चालू ठेवलं.

या गोष्टीतली माझी आवडती जागा आता येते. पूर्वी विद्यार्थी अडला की हा त्याला बाकावरून उठवायचा आणि स्वतः वाजवून दाखवायचा. आता दाखवता येईना. सांगावं लागलं. सांगायला शब्द हवेत, आणि शब्द सापडायचे तर आपल्याला नेमकं काय ऐकायचंय ते आधी स्वतःला कळायला हवं. त्याचं म्हणणं असायचं की वाजवणाऱ्याच्या आत तीन माणसं असतात. पहिला वाजवण्याआधी मनात ऐकतो. दुसरा पट्ट्या दाबतो. तिसरा जरा लांब बसून कान देतो आणि जे निघालं ते पहिल्याने ऐकलेलं नसेल तर दुसऱ्याला सांगतो, हे बदल. नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी त्याचा हात बराच सुटला, २००४ मध्ये दोन्ही हातांचं रेकॉर्डिंगही आलं. २०२० मध्ये ९२ व्या वर्षी गेला. पीबॉडी काही सोडली नव्हती.

तुझ्यातला दुसरा माणूस दांडगा आहे. तुझी बोटं माझ्या त्या वयातल्या बोटांपेक्षा चांगली आहेत, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून टाकते. तिसरा मात्र झोपलेला आहे. गेल्या महिन्यातलं शोपँचं ई फ्लॅट नॉक्टर्न आठव. डाव्या हातात एक बास आणि दोन कॉर्ड, पुन्हा एक बास आणि दोन कॉर्ड. तुझी दुसरी कॉर्ड दर वेळी पहिलीपेक्षा जड पडत होती, पाळणा हलवताना कोणी दर फेरीला भिंतीवर आपटावा तशी. मी थांबवलं तर म्हणालीस, 'मिस, नोट्स तर बरोबर होत्या.' होत्या गं.

हाताचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तेविसाव्या वर्षी माझं मनगट धरलं. तेव्हाच्या माझ्या शिक्षकांनी सांगितलं, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. मी ऐकलं. पुढचे आठ महिने पोळी लाटता येत नव्हती, पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलायचे. हात दुखला की झाकण बंद. परीक्षा उद्यावर आली असली तरी बंद. यात मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

माझ्या पियानोबद्दलही तुझी कुरकुर असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वरच्या सीची पट्टी दाबली की खालीच बसून राहते. आत बल्ब लावून ठेवते तरी जुलैत तिचं नखरे करणं चुकत नाही. पण व्हायोलिनवाला आपलं वाद्य काखेत मारून नेतो, आपल्याला परगावी समोर येईल त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. रिख्टरसारखा नावाजलेला पियानिस्ट १९८६ मध्ये सायबेरियातल्या लहानसहान गावांतून वाजवत फिरला. सत्तरी ओलांडली होती त्याने. तेव्हा अडणाऱ्या पट्टीवर बोट हलकं कसं सोडायचं ते फुकटात शिकून घे.

पैशाचं एवढंच, की कार्यक्रमांचं पाकीट येतं तेव्हा येतं. माझ्या घरचं लाइटबिल चाळीस वर्षं शिकवण्यांनी भरलंय. त्यावर मी साथ केली, चेंबर म्युझिक केलं, वर्षाला दोनदा सोलो वाजवलं. मला कमी पडलं का? स्टेज कमी पडलं, हो. खोटं कशाला बोलू? पण जेवढं मिळालं त्यातलं चांगलं वाजलं ते मुलांच्या शेजारी बसून बसून कान तयार झाल्यामुळे.

तर असं कर. शनिवारी साडेचारला ये. समोरच्या विंगमधला सात वर्षांचा मुलगा नवीन लागलाय. त्याचा अंगठा पट्टीवर टेकतच नाही, बाहेर लोंबतो, आणि करंगळी आडवी पडते. त्याचा धडा तू घ्यायचास. अट एकच, वाजवून दाखवायचं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि अर्धा तास नुसतं बोलून त्याच्याकडून पाच सूर सारख्या वजनाचे काढून घ्यायचे. मी स्वयंपाकघरात असेन. दार उघडं ठेव, मला ऐकू येईल.

पोहे करते. येताना मागच्या पुलाखालून ये, पुढच्या गल्लीत खोदून ठेवलंय.

तुझी,
मिस