नवीन गाडी, एबीएस, एअरबॅग सगळं आहे, मग पावसात जीवघेणा अपघात टाळायला अजून काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी नवी आहे, एबीएस आहे, एअरबॅग आहेत, आणि भर पावसात घरच्यांना घेऊन हायवेने जायचंय, तर वेगळी काही काळजी घ्यायला हवी का. हो, हवी. मी गाडी चालवायला शिकवतो आणि नव्या गाडीवाल्यांना मी सगळ्यात आधी स्पीडबद्दलच बोलतो. हे तर सगळेच सांगतात म्हणून पुढे जाऊ नका, त्यामागचं गणित एकदा बघाच.

समजा दोन सारख्याच गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक ताशी 60 ने आणि दुसरी 80 ने. पुढे काहीतरी आडवं आलं आणि दोघांनी एकाच जागी करकचून ब्रेक दाबला. 60 वाली गाडी जिथे पूर्ण थांबते ना, त्याच जागेवर 80 वाली अजून जवळपास 53 ने चाललेली असते. फरक तर फक्त 20 चाच होता, पण गाडीतली ऊर्जा स्पीडच्या वर्गाने वाढते आणि ब्रेकला ती सगळी जिरवावी लागते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात असं होतं. 53 ने उभ्या ट्रकच्या मागे घुसणं किंवा चालत्या माणसाला धडकणं हे जिवावर बेतणारं आहे, आणि दुसऱ्या गाडीतल्याला साधं खरचटलंही नाही.

आता यात पाऊस धरा. चांगले टायर असलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर 80 वरून ब्रेक लागल्यावर साधारण 36 मीटरमध्ये थांबते, रस्ता ओला असला की पकड कमी होते आणि तेच अंतर साठ मीटरच्या पुढे जाऊ शकतं. शिवाय 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते आणि दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद तर जातोच. म्हणजे झाले 80-85 मीटर. धो धो पावसात, वायपर फुल चालू असताना, समोरच्या ट्रकने उडवलेल्या पाण्यातून तुम्हाला 85 मीटर पुढचं दिसतंय का? नसेल दिसत तर 80 हा स्पीड तुमच्यासाठी नाहीच, मग बोर्डावर लिमिट काहीही असू दे. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, बस.

पुढच्या गाडीपासून अंतर मीटरमध्ये मोजत बसू नका, सेकंदात मोजा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की तुम्ही त्याच खांबाशी पोहोचेपर्यंत एक हजार एक, एक हजार दोन असं म्हणायला लागा, कोरड्यात दोन सेकंद चालतात, ओल्या रस्त्यावर चार झाले पाहिजेत. मध्ये कोणीतरी घुसतंच, घुसू द्या, पुन्हा थोडं मागे राहा.

एबीएसबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. ते चाकं लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं आणि गाडी बाजूला काढता येते. पण रस्त्यावर जी पकड नाहीये ती एबीएस कुठून आणणार? आणि वेळ आली की ब्रेक जोरात दाबून धरूनच ठेवायचा, पायाखाली थडथड होते ती नॉर्मल आहे, पुष्कळ जण तेवढ्याला घाबरून पाय उचलतात.

मग टायर. टायरवरच्या खाचा असतात त्या पाणी बाहेर फेकायला. नवीन टायरला त्या साधारण 8 मिलिमीटर खोल असतात, बऱ्याच देशांत कायद्याने किमान 1.6 चालतात, पण पावसासाठी मी 3 च्या खाली गेलेला टायर बदलायलाच सांगतो. खाचेत बोट घालून बघा, तळाशी रबराचे छोटे उंचवटे लागतील, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. खाचांना न पेलणारं पाणी साचलेलं असेल तर टायर त्यावर तरंगायला लागतो, यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचा एक हिशोब काढला होता, त्यात हवेचा दाब हीच मुख्य गोष्ट आहे. त्या हिशोबाने 32 पीएसआय हवेला टायर साधारण 90-95 च्या स्पीडला तरंगतो आणि हवा 24 असेल तर 80 च्या आसपासच. म्हणून पावसात हवा थोडी कमी ठेवली की ग्रिप वाढते असं जे कोणी सांगतात त्यांचं अजिबात ऐकू नका. टायर थंड असताना कंपनीने लिहिलीय तेवढी हवा भरा.

तरंगायला लागली हे कळतं कसं, तर स्टिअरिंग एकदम हलकं होतं, हातात काही नसल्यासारखं. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, फक्त रेस सोडायची आणि सरळ धरून ठेवायचं, पकड परत येते. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला स्पीड आपोआप धरून ठेवणारी सोय, पावसात बंदच ठेवा. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पहिली सर येते तेव्हा तर जास्तच जपा, रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येऊन निसरडा थर बसलेला असतो.

एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करतात, बेल्टशिवाय नाही. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावायला लावा, आजी-आजोबांना पण, आणि मूल मांडीवर नको, त्याच्या सीटमध्येच. धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही घेऊन जातो.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ओढून नेऊ शकतं आणि दोन फुटात मोठ्या गाड्याही जातात, शिवाय खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे वरून दिसत नाही.

हेडलाइट दिवसाही चालू ठेवा, डिपवर. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की उभे आहात हेच कळत नाही. आणि पाऊस इतका वाढला की पुढचं दिसेनासंच झालं, तर हायवेच्या कडेला पट्टीवर गाडी उभी करू नका, मागून येणाऱ्यालाही तेवढंच कमी दिसत असतं आणि तुमचे लाइट बघून तो लेन समजून सरळ तुमच्या मागे येऊ शकतो. हळूहळू पुढे जाऊन पेट्रोल पंप किंवा रस्त्यापासून पूर्ण आत अशी जागा मिळाली की तिथे थांबा, पाऊस उतरला की निघा.